तेविसाव्या षटकातली धाव

नोव्हेंबर. दरीत चार वाजताच अंधारून येतं.
'ब्लॅक रॅम'च्या मागच्या खोलीत, पियानोला पाठ लावून
आम्ही बसलोय
ऑगस्टमधल्या एका शनिवाराचा निकाल लावायला.

टेबलावर दोन वह्या.
एक थॉर्नगिलच्या हिल्डा रॉ यांची :
निळी शाई, आकड्यावर आकडा बसवलेला,
इकडच्या कुंपणांतल्या दगडांसारखा, चुन्याशिवाय पक्का.
दुसरी लो स्टँगच्या किट हार्करची. वय तेरा.
पेन्सिल, खोडरबराचा भुगा,
एका पानावर जॅमचं बोट.

लो स्टँगच्या धावा एकशे एकाहत्तर. इथवर एकमत.
थॉर्नगिलच्या, बाई म्हणतात, एकशे सत्तर.
पोरगा म्हणतो, एकाहत्तर.

म्हणजे बघा, ज्याची त्याची वही
ज्याच्या त्याच्या मुळावर आलेली.
थॉर्नगिलवाले पोराला डोक्यावर घेऊन नाचतात,
लो स्टँगवाले बाईंच्या अक्षराचे गोडवे गातात :
"चाळीस वर्षांत एक खाडाखोड नाही!"
हे इवर्ट सन्टर म्हणतो,
जो जूनमध्ये त्यांना चष्मा बदलायला सांगत होता.

मी चिटणीस. माझ्याकडे नियमांची पुस्तिका.
नियम बारा : धावा समान, तर कमी गडी गमावणारा जिंकला.
दोघांचेही दहाच्या दहा गेलेले.
नियम तेरा : रिकाम्या यष्टींवर पाच-पाच चेंडू.
वाद नंतर घालू, आधी हे उरकू, म्हणून
त्याच संध्याकाळी टाकले.
यष्टी दिसत नव्हत्या, दिशा तेवढी माहीत होती.
दहा चेंडूंत लागला एकच,
तोही पाद्रीबाबांच्या मोटारीला.
नियम चौदा : यजमानांची वही प्रमाण.
त्याखाली कुण्या जुन्या चिटणिसाची पेन्सिल :
'शक्यतो वापरू नये.'

हरवलेली धाव सापडली ती तेविसाव्या षटकात.
किटकडे तिथं एक लेगबाय.
बाईंकडे टिंब.

मी विचारलं.
बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला नाही.
"तेविसाव्यात मी चेंडू बघत नव्हते.
पलीकडच्या बाकावर कुणीतरी येऊन बसलं,
टोपी तशीच, डावा पाय तसाच लांब सोडलेला.
नीट बघितलं तर कुणी वाटसरू, सँडविच खात होता.
तोवर षटक संपलं.
मी टिंब दिलं.
काही झालं नाही की टिंबच देतात."

त्या बाकावर मेपासून एक पितळी पट्टी आहे.
तिचे स्क्रू मीच आवळलेत.

तीन महिने सगळ्यांनी सगळं पाहिलेलं :
पॅडला लागलेला चेंडू, उडालेला खडू, धावणाऱ्याची बूटं.
मीही शपथेवर सांगत होतो,
मी, जो तेव्हा चहाच्या रांगेत होतो.
'पाहिलं नाही' म्हणणारं माणूस
हे पहिलंच.

मग किटचे कान लाल झाले.
"मीपण नाही पाहिलं.
अंपायरनी गुडघ्याला हात लावला, मी लिहिलं.
पण त्यांचा गुडघा दुखतो.
ते दर षटकाला लावतात."

अंपायर ऑल्डरसन कोपऱ्यात बसले होते.
सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं.
त्यांचा हात तेव्हाही तिथंच होता.

ठराव : सामना बरोबरीत. चषक सहा-सहा महिने.
सूचक नाही, अनुमोदक नाही, मंजूर.
मग चषकावर आधी नाव कुणाचं, यावरून
पुन्हा तासभर.
कोरणारा अक्षरामागे पैसे घेतो
आणि थॉर्नगिल लांबलचक.

शेवटी नाणं उडवलं.
ते इवर्टच्या अंगठ्यावरून सुटलं,
टेबलाच्या कडेला टणकलं
आणि घरंगळत पियानोखाली गेलं.

आता आम्ही सगळे गुडघ्यांवर,
ऑल्डरसनसुद्धा, कण्हत.
हिल्डाबाई टॉर्च धरून उभ्या.
किट पोटावर सरपटत खांद्यापर्यंत आत.
"हाताला लागतंय," तो आतून म्हणतो,
"पण चाचपून कळत नाही. उचलू?"

"उचलू नकोस," आम्ही एकदम ओरडतो,
"आधी बघ!"