खूण

रात्री दोन चाळीसला फोन. लोअर परळ, नववा मजला.
ऑर्डरवाल्या सर्व्हिसनं स्टॉकला विचारलं होतं:
अमुक माल आहे का, असेल तर राखून ठेव.
थेट नाही विचारत ती. रांगेत चिठ्ठी टाकते.
चिठ्ठीवर दोनच गोष्टी महत्त्वाच्या,
उत्तर कुठे टाकायचं, आणि खूण.
छत्तीस अक्षरांचं अगम्य काहीतरी,
उत्तरासोबत जसंच्या तसं परत यायला हवं,
नाहीतर कुणाचं ‘हो’ कुणाच्या पदरात.

हे मला कॉलेजात नाही कळलं.
बाबानं दाखवलं, महालक्ष्मीच्या घाटावर,
बिब्ब्यात सुई बुडवून
कॉलरच्या आतल्या अंगाला
टिंब, टिंब, आडवी रेघ.
ते ताडदेवच्या वागळ्यांचं. त्रिशूळ म्हणजे डॉक्टर दस्तुर.
बिब्बा उतला की बोटं सुजायची, मग डाव्या हातानं.
शर्ट कुठल्या हौदात जाणार, कुठल्या भट्टीत उकळणार,
कुणाच्या दोरीवर वाळणार,
बाबाला ठाऊक नसे. गरजही नसे.
म्हणायचा, “दारात वाट बघत उभं राहू नये.
गाठोडं टाकावं, पुढच्या कामाला लागावं.
खूण पक्की असली की कापड घर शोधतं.”

तर झालं होतं असं:
विचारणारी अडीचला कोसळली, उठली,
उठली ती नवी रांग घेऊन, जुनं काही न आठवता.
तिची चारशे बारा उत्तरं
बेवारस रांगेत येऊन पडलेली.
सगळी बरोबर. घ्यायला कुणी नाही.

मोकल म्हणतो, सगळे प्रश्न पुन्हा पाठव.
शर्ट दोनदा धुतला तर फार तर कॉलर विरते, मोकल,
माल दोनदा राखला
तर सोमवारच्या हिशोबात बिब्बा.

बाबाच्या खाटेखाली पत्र्याची ट्रंक होती.
वागळ्यांची चाळ पाडली, ते विरारला गेले की कुठे,
त्यांचा शाळेचा एक पांढरा शर्ट राहिला.
अकरा वर्षं. दर दिवाळीला बाबा
त्याला पुन्हा इस्त्री करायचा.
आई चिडायची. “पोरगा आला तर?”
पोरगा एव्हाना बँकेत लागला असेल,
ढेरी सुटली असेल.

शेवटच्या वर्षी त्यानं मला विचारलं,
“त्या काचेच्या इमारतीत तू नक्की करतोस काय?”
मी मान वर न करता म्हटलं, “कॉम्प्युटर.”
तो थोडा वेळ थांबला.
मग पेपर उघडला.

उत्तर आत्ता तयार झालं, पावणेपाच वर्षांनी:
गाठोडी टाकतो, बाबा. खुणा घालतो.
कुठल्या रांगेत टाकू हे?

मोकलचा मेसेज: मग पुसून टाक सगळं आणि झोप.
बटणावर बोट नेलं. काढलं.
सेटिंगमध्ये जाऊन पाहिलं,
बेवारस उत्तरं ठेवायची मुदत सात दिवस.
तीस केली.
सोमवारी कुणी विचारलंच
तर ऑडिट म्हणेन.