वाटणी

याकूबमिस्त्रींनी दोघींची बॉनेटं उघडून ठेवलीत.
मे महिना, शेडचा पत्रा तापलेला,
आणि प्रदीप्त म्हणतो, ताई, आधी तू निवड.

जोंगा कामठीच्या लिलावातली.
जबलपूरचा जन्म, फौजेतून निवृत्त,
अंगावर हिरव्या रंगाचे सहा थर.
मनसरच्या खाणीवर बाबांनी घातली तिथून ती गेली,
चिखलातून, नाल्यातून,
एकदा तर रिव्हर्समध्ये अख्खा चढ.
लिटरला चार किलोमीटर.
वळायचं तर आधल्या चौकातच ठरवावं लागे.

आणि ही लाल, दोन माणसांची,
गोव्याहून ट्रकवर बसून आलेली,
बाबांच्या बासष्टाव्या वर्षी.
शेजारच्या टिडकेकाकांनी विचारलं, आता काऊन बाप्पा?
बाबांनी उत्तर म्हणून छत उघडून दाखवलं.
सेहेचाळीस अंशांत उघडं छत!
सीटवर पापड भाजून निघावा.

प्रदीप्तच्या कागदावर दोन रकाने आहेत:
इंजिन, टायर, सुटे भाग,
आज विकली तर किती येतील.

आई खुर्चीत बसून ऐकत होती.
मग म्हणाली, मले विचारा ना.

"हिच्यात चढाले पिढं लागे.
हे आधी पिढं ठेवत, मंग हात देत,
मंग पिढं उचलून मागं फेकत.
अन् लालीत बसलं का भुईवरच बसलं.
गतिरोधक आला का म्हणत, उतर वं जराशी.
मी उतरो. गाडी दोन बोटं वर उठे.
हे हळूच पलीकडं नेत, अन् थांबत.
शंकरनगर ते अंबाझरी सात गतिरोधक.
अर्धा रस्ता म्या पायीच केला
तुमच्या त्या रेसच्या गाडीत."

मिस्त्रींच्या हातातून पाना पडला.
प्रदीप्त कागदाकडे बघत राहिला,
त्यात गुडघ्यांचा रकाना नव्हता.

मी विचारलं, लोक हसत नव्हते?

"हसत ना.
पण दार उघडून माणूस थांबे.
जोंगात मी चाळीस वर्षं मागच्या बाकावर,
सात जणांत, मोबिलच्या डब्ब्याजवळ.
पुढं कोण? तर खाणीचा मुकादम."

मग जोरात कधी पळवलीच नाही?

"एक डाव. वर्धा रोडवर, पहाटे.
पदर उडून असा तोंडावर आला,
मले काईच नाई दिसलं."

मिस्त्रींनी जोंगाचा मागचा बाक उचलला.
खाली ते पिढं, ग्रीसनं काळं,
एका खुराला नटबोल्ट मारलेला.
आई म्हणाली, हे माहं.

एवढीच वाटणी झाली.
बाकीचं पुढच्या रविवारी,
ऊन उतरल्यावर.