दुसरं शिंपलं

आधी अंगठा गेला.
कालवाच्या फटीत सुरी घातली आणि ती फिरेचना.
मला वाटलं, कालवच हट्टी.
मग दुसरं, मग तिसरं.
अर्धी टोपली न फोडता घरी आणली
आणि कोणाला सांगितलं नाही,
कारण आबांचं असंच सुरू झालं होतं:
सुकाणूवरचा हात, मग चमचा,
शेवटी आवाज.
विजयदुर्गच्या धक्क्यावरून ज्यांची हाक
खाडीपलीकडे ऐकू जायची
ते डोळ्यांनी पाणी मागू लागले.
वासूकाकांचंही तेच.
गाऱ्हाणी झाली, नारळ झाले, कोंबडे झाले,
आणि पंचक्रोशीत कोणाला ठाऊक नव्हतं
की हा कोप अक्षरांत लिहिलेला असतो.

डॉक्टर अफरोजनी कागदावर रेघ ओढली.
हे जनुक, म्हणाल्या. हे घरातच बसून असतं,
स्वतः कुठे जात नाही, चिठ्ठ्या पाठवतं.
चिठ्ठीबरहुकूम पेशी प्रथिन बनवते,
आणि तुमच्या चिठ्ठीत एक अक्षर चुकलंय.
एकच?
एकच.
एका अक्षराने मनीऑर्डर भलत्याच वाडीत जाते,
तेवढं मला कळतं.

आम्ही वीस अक्षरांचा तुकडा बनवतो,
त्या चिठ्ठीच्या उलट अक्षरांचा.
तो तिला शोधून चिकटतो,
आणि पेशीतलीच एक कात्री चिठ्ठी कापून टाकते.
जनुक बोलत राहतं.
ऐकू कोणाला जात नाही.

तुमच्या आईकडून आलेली चांगली चिठ्ठीही
त्यात थोडी कापली जाते,
हेही त्यांनी लपवलं नाही.

त्या चेनचं उदाहरण देत होत्या,
पर्सची चेन उघडून, लावून.
मला तिसऱ्या आठवल्या.
ओहोटीला आम्ही सुटी शिंपली वेचून
जोड्या लावायचो.
हजार शिंपली सारखीच दिसतात,
पण बिजागरीचे दात दातांत बसतात
ते एकाच शिंपल्याचे.
बाकीची डुगडुगतात.
बसलं की टक्‌ असा बारीक आवाज येतो,
आणि मग ते उघडायला नख पुरत नाही.

कोळंबीसारख्या वळा, नर्स म्हणाली.
गुडघे पोटाशी, हनुवटी छातीशी.
मी हसले, तर ओरडली, हलू नका.
मणक्यांच्या फटीत सुई.
इतकी वर्षं मी फटीत पातं घालत आले,
आता माझी पाळी.
आबांना ज्याने गप्प केलं
त्याला वीस अक्षरं जाऊन सांगणार, गप रव.

दर अठ्ठावीस दिवसांनी.
संध्याकाळच्या गाडीने मुंबई,
येताना डोकं जड, खिडकीची काच गार,
राजापूरला चहा, तोही अर्धाच.

सात सुया झाल्या.
रक्तातला कसलासा आकडा खाली आलाय, डॉक्टर खूश आहेत.
अंगठा होता तिथेच.
गेलेलं परत येत नाही, हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं त्यांनी.
खाली जाणारं थांबलं तरी पुष्कळ.
ओहोटी कुठे थांबते
हे उभं राहून कधी दिसतं का?
एका दगडावर खूण धरायची
आणि बघत बसायचं.

कालवं आता चारुता फोडते.
तेवीस वर्षांची आहे, तपासणी केलेली नाही.
करायची की नाही तिने ठरवायचं,
मी विचारत नाही.
फक्त तिचा अंगठा बघते.
ती म्हणते, आई, कालवं बघ, माझा हात काय बघतेस.

पहाटे मी धक्क्यावर जाते
आणि पलीकडे एक हाक मारते, पोटातून.
कोणाला बोलवायचं नसतं.
पण शांबा तारी रोज फसतो,
होडीत उठून उभा राहतो, ओरडतो,
काय गो, येतस?
नाय, म्हणते मी.
सहज.