हिरवी खूण

शिंदे टोलनाका मागे पडला की सुरू व्हायचं,
टिक्. टिकटिक. मग जरा गप्प.
मोहदरी घाटात तर डॅशबोर्डमागे कुणी
सुपारी कातरत बसल्यासारखं.
मी रेडिओ मोठा करायचे.
रेडिओही थरथरायचा.

अंबड लिंक रोडला, भंगाराच्या गोदामांमध्ये
गांगुर्ड्यांचं गॅरेज, कडुलिंबाला टेकलेलं.
कलिंगड वाजवून घेतात तसं
दोन बोटांनी पॅनल ठोकलं,
म्हणाले, उघडावं लागेल.

आधी बॅटरीची वायर.
मग प्लास्टिकची पट्टी, फडक्यात गुंडाळून,
कडेच्या फटीत.
"स्क्रूड्रायव्हर घातला की ओरखडा राहतो.
माणसं घाई करतात."
पहिली क्लिप सुटली, कट्,
माझीच दाढ उपटल्यासारखी दचकले.
रेडिओची चौकट, एसीच्या जाळ्या,
सात स्क्रू चहाच्या बशीत,
लांब एका कडेला, आखूड दुसऱ्या.

आत एवढा संसार असेल वाटलं नव्हतं.
वायरींच्या वेण्या, धूळ,
आधीच्या मालकाची, फास्टॅगच्या आधीची टोलची पावती,
एक बेदाणा, खडा झालेला,
आणि आडव्या लोखंडी दांडीवर
स्केचपेनची हिरवी, बरोबरची खूण.

गांगुर्डे थांबले. हात पुसले.
"पिवळी माझी असायची. पहिली पाळी.
सातपूरला, ठेकेदाराकडे, दोन वर्षं आठ महिने.
हिरवी म्हणजे दुसरी पाळी.
वाघचौरे."
टॉर्च डावीकडे वळवला.
तिथली क्लिप कधी बसलीच नव्हती,
अर्धी आत, अर्धी बाहेर,
आणि शेजारी खूण: बरोबर.
"जेवणाची घंटा झाली असणार."

मला वाटलं, चिडतील. त्यांनी फोन लावला.
"पॅकहाऊसला का रे?
तुझी एक गाडी आलीय माझ्याकडे. टिकटिकतेय."
पिंपळगावहून, द्राक्षांच्या खोक्यांच्या खडखडाटातून
मोठ्यानं हसणं आलं,
मग हळू आवाजात काही विचारणं.
"पांढरी," गांगुर्डे म्हणाले.
"हो, चालते की. चांगली चालते."

नवी क्लिप चार रुपयांची.
पॅनल जागेवर ठेवून तळव्याच्या टाचेनं दाबत गेले,
कट्, कट्, शेवटची जरा उशिरा, कट्.
चावी फिरवली. घड्याळ बारा वाजता जन्मल्यासारखं लुकलुकलं.

बशीत एक स्क्रू उरला होता.
आखूड.
दोघांनीही पाहिला.
मी म्हटलं, राहू द्या, एकानं काय होतंय.
त्यांचा डबा कडुलिंबाच्या फांदीला लटकत होता,
तीन वाजून गेले होते.

त्यांनी पुन्हा पट्टीला फडकं गुंडाळलं.