मागच्या दाराने या

वाचनालयाच्या काचेवर मी नोव्हेंबर चिकटवते आहे.
चार टाचण्या, एक चिकटपट्टी,
आणि बोटांना डिंकाचा वास.
दुपारचे तीन वाजलेत, आणि अंधार
तळ्यावरून चालत गावात येऊन बसलाय
आगाऊ पाहुण्यासारखा,
बूटसुद्धा न काढता.

मंगळवार, सहा वाजता: तारांना डाख देणे, पहिली पायरी.
शिकवणार ओइवा.
कागदगिरणी बंद पडली त्या रात्री
शेवटचा फ्यूज त्यानं काढला होता
आणि खिशात घालून घरी आणला होता.
तो फ्यूज तो अजून दाखवतो.
मागावा लागत नाही.

बुधवार: स्वतःचा गेम बनवा. संगणक आठ, खुर्च्या सात.
गेल्या हिवाळ्यात हातिलाच्या जुळ्यांनी
आपल्याच गावाचा गेम केला:
चर्च, पेट्रोलपंप, बंद पडलेलं सलून,
आणि रस्त्याच्या मधोमध एक रेनडिअर,
जो कुठल्याच बटणाला जुमानत नाही.
ती प्रोग्रॅममधली चूक होती.
सगळे म्हणाले, राहू द्या,
तेवढंच तर हुबेहूब जमलंय.

शुक्रवार: अंधारात दिसण्यासाठी.
जुने कोट आणा, चमकत्या पट्ट्या आणि मण्याएवढे दिवे
आम्ही देऊ. शिवणयंत्रावर नवाल बसेल.
बसऱ्याहून आली तिला सहा वर्षं झाली.
आमच्या भाषेच्या पंधरा विभक्ती तिला अजून छळतात,
'तळ्यात', 'तळ्यावर', 'तळ्यातून' यांत ती बुडते,
पण टाका तिचा असा सरळ
की पोस्टमन आता रात्री
दोन किलोमीटरवरून ओळखू येतो.

दुसरा शनिवार: दुर्बीण, धक्क्यावर, इल्पोसोबत.
गुरू दिसेल, त्याचे चार चंद्र दिसतील.
ढग असल्यास ढगांविषयी बोलू.
(गेल्या वर्षी तिघं आले,
त्यातला एक रस्ता चुकून.
तोच शेवटपर्यंत थांबला.)

आणि मग शेवटचा गुरुवार.

अकरा वर्षं तिथं मी न विचारता लिहायची:
रेडिओ. कार्लो.
तो माळ्यावर अँटेना लावायचा,
कानाला एक हेडफोन, दुसरा ज्याला हवा त्याला,
आणि आम्ही ऐकायचो
उल्का पडताना होते ती बारीक शीळ,
कुणीतरी दूर अंगणात कुत्र्याला हाक मारावी तशी.
ऑगस्टमध्ये कार्लो गेला.
त्याची वही माझ्या खणात आहे:
तारखा, वेळा, आणि मधूनच
'आज काही नाही. कॉफी बरी होती.'

त्या रकान्यात काय लिहावं ते मला सुचेना.
'रद्द' टाइप केलं. खोडलं.
'श्रद्धांजली' लिहिलं, आणि तो वरून हसल्यासारखा वाटला,
म्हणून तेही खोडलं.
शेवटी नुसती वेळ ठेवली.
गुरुवार, सहा वाजता. पुढं पांढरा कागद.

काचेपलीकडं वेंडला उभी आहे,
वय नऊ, टोपीचा गोंडा गोठलेला.
वाचता वाचता तिच्या श्वासानं
मंगळवार पुसट झाला, बुधवार पुसट झाला,
तेव्हा तिनं हातमोज्यानं काच पुसली.
"गुरुवारी काय आहे?" काचेतून तिचा आवाज
पाण्याखालून यावा तसा येतो.
माहीत नाही, मी मान हलवून सांगते.
ती विचार करते. नाक काचेला टेकवते.
"मग मला काय आणावं लागेल?"

मी आत येते. वहीवरची धूळ झटकते.
माळ्याची किल्ली शोधते, ती लोण्याच्या डब्यात सापडते,
कार्लोचीच ही खोड.
हेडफोनची एक बाजू बंद आहे.
ओइवाला सांगायला हवं, मंगळवारी.

मग परत बाहेर, पेन घेऊन,
पांढऱ्या जागेखाली, थंडीनं वाकड्या अक्षरात:
कॉफी असेल.
पुढचं दार गोठतं.
मागच्या दाराने या.