गुंजभर

वकील प्रुइट यांनी नुसतं एक बोट वर केलं.
"एक टक्का," म्हणाले. "नॉर्थ कॅरोलायनात
तुमची चूक एक टक्का जरी निघाली
तरी समोरचा नव्व्याण्णव टक्केवाला
हात झटकून मोकळा."

मला दोनदा सांगावं लागलं नाही.
मी सोनाराची मुलगी.
वेंगुर्ल्याच्या दुकानात दादांचा तराजू काचेच्या पेटीत असे,
वाऱ्याने मध्ये बोलू नये म्हणून.
आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा.
तोळ्यात गुंजा शहाण्णव, म्हणजे शंभराला चारच कमी.
लालभडक, टोकाला काळा डोळा.
एक मी लहानपणी नाकात घातली होती,
आईने तपकीर हुंगायला लावून शिंकवली.

पण वजन गुंजभर कमी भरलं
तर दादा गुंजेपुरते पैसे कापायचे.
अख्खा तोळा ठेवून घेऊन
गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने पाठवलं,
असं पेठेत कधी ऐकलं नाही.

झालं ते एवढंच.
ग्रीन्सबरो, वेंडोव्हर अव्हेन्यूचा नाका,
नोव्हेंबर, पावणेपाच, उजेड विझत आलेला.
हातात पिशवी: कोथिंबीर, तीन लिंबं, ह्यांच्या गोळ्या.
तो लाल दिव्याला न थांबता
डावीकडे बघत उजवीकडे वळला.
एकोणीस वर्षांचा. पिकअप वडिलांचा.
खाली उतरला तेव्हा माझ्यापेक्षा तोच जास्त थरथरत होता,
म्हणून मी म्हटलं, "सॉरी."

खुबा मोडला.
आपल्याकडे तो आपला आपणच मोडतो,
पेला फुटतो, दूध उतू जातं,
कोणी केलं ते वाक्याबाहेर उभं राहतं, मान खाली घालून.
अ‍ॅम्ब्युलन्समधल्या बाईने विचारलं तेव्हा मात्र
मीच म्हणाले, "आय ब्रोक माय हिप."
मी मोडला. मी.
दोन्ही वाक्यं फाइलमध्ये आहेत. पान सतरा.
दुसऱ्या बाजूच्या वकिलाने ती पिवळ्या शाईने रंगवलीत,
हळदीचं बोट लावावं तशी.

जबानीच्या आधी प्रुइट खिडकीबाहेर बघत बोलले,
"माणसाला सगळंच आठवतं असं नाही, मिसेस पेडणेकर.
न आठवणं हा गुन्हा नाही."
भला माणूस. फी जिंकलो तरच घेणार होता.

मग तो प्रश्न आला.
रस्त्यात पाय टाकला तेव्हा सिग्नलवर आकडा किती होता?
उतरते आकडे सुरू झाले
की पाय टाकायचा नसतो म्हणे.
मला वाटायचं, ते आपल्याला
लवकर ये म्हणतात.

टायपिस्टची बोटं थांबली.
मला आठवत होतं ते लिंबू, गटाराच्या जाळीपाशी जाऊन थांबलेलं.
आणि दादा, प्रत्येक वजनाआधी
पारड्यावर हळूच फुंकर मारणारे,
धूळ असो वा नसो.

"चार," मी म्हटलं.

प्रुइटनी पेनाचं टोपण लावलं. बस, तेवढाच आवाज.

पत्र तीन ओळींचं आलं.
हॉस्पिटलचं बिल अकरा पानांचं.
ह्यांनी दोन्ही एकाच पिनेत अडकवून
देवाच्या फळीखालच्या खणात ठेवली.
रागावले नाहीत. नुसतं विचारलं,
"पाच म्हणाली असतीस तर?"
तरी तेच झालं असतं. उतरता तो उतरताच.
पण रात्री मीही ते करून पाहते,
पाच, सहा, अकरा,
मागे मागे नेत
पांढऱ्या चालत्या माणसापर्यंत.

आता काठी घेऊन त्याच नाक्यावर जाते.
पांढरा माणूस दिसला की लगेच निघते,
एक पळही फुकट घालवत नाही.
तरी रस्ता अर्धा होतो आणि आकडे सुरू होतात,
पलीकडचा कट्टा चार पावलांवर असताना
शून्य.

गाड्या थांबून असतात.
कोणी हॉर्न वाजवत नाही.
मी रस्त्यात, नियमाबाहेर,
रोज गुंजभर.