पाळी

फाहाहीलला, गुरुवारी रात्री,
एसी घरघरतो त्या पाचव्या मजल्यावर
बिस्किटांचा रिकामा डबा मधे ठेवून
आम्ही त्याच्या काठाला कपड्यांचे चिमटे लावतो.
एकेका चिमट्यावर एकेक नाव.
फासा वीस बाजूंचा. ज्याचं दान मोठं, तो आधी.

त्याआधी नुसता कल्ला असायचा.
लीनस मधेच तलवार उपसायचा.
सबीना म्हणायची, मी कधीच मारलंय त्याला,
तुम्ही ऐकलं नाही.
परकार तीन फेऱ्या गप्प बसून
चौथीला विचारायचा, माझी आली का?
कागदावर लिहून पाहिलं :
खाडाखोडीत अजगर दोनदा चावला.
मग दोरीवरचे बनियन काढताना सुचलं,
चिमटा सरकवता येतो.

आज मृण्मयीला एकोणीस.
तिचं असंच. वॉर्डातली बारा तासांची पाळी संपवून येते,
डोळे तांबारलेले, दान मात्र ताजं.
परकारला एक.
दाराशी त्याच्या दोन बॅगा,
सुतळीने आवळलेल्या, तीनदा वजन केलेल्या.
कंपनीने व्हिसा मिटवला. पहाटेचं विमान.

मृण्मयी म्हणाली, मी थांबते.
मी तिचा चिमटा उचलून मुठीत धरला.
लीनस, जन्मात न थांबलेला माणूस :
"मीपण. वार राखून ठेवतो."
सबीना बांगडी मागे सारत म्हणाली,
अजगर हलला तर बघू.

अजगर माझ्याकडे.
त्याला भूक होती, समोर मऊ माणसं होती.
मी नियमांचं पुस्तक मिटलं :
अजगरही थांबतो.

लढाईतली फेरी सहा सेकंदांची असते.
आमची चहावर साय धरेपर्यंत चालली.
लांब रिफायनरीची ज्योत काचेवर हलत होती.
डब्यावर एकच चिमटा.

परकारने घड्याळ पाहिलं, मग आम्हाला.
"अरे मारा कुणीतरी त्याला,
दीडला टॅक्सी सांगितलीय.
आणि माझ्याकडे आहे काय, एक कंदील."
फासा त्याने उचललाच नाही.
म्हणाला, कंदील वर धरतो. बस.
नियमात याला काही किंमत नाही.

पण त्या उजेडात
लीनस, मृण्मयी, सबीना, मी,
सगळे एकदमच बोलायला लागलो,
चिमटे येण्याआधीसारखे.

अजगर कुणी मारला
ते अजून ठरलेलं नाही.